पाय टेकला, पण कळलं नाही

सिग्नलला मोटरसायकल थांबते. डावा पाय खाली जातो, जमिनीला टेकतो, आणि टेकल्याचं कळतच नाही. खाली बघितल्यावर खात्री पटते. गाडी पडत नाही, मागे उभ्या असलेल्यांच्या काही लक्षात येत नाही, दिवा हिरवा होतो. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

घरचे म्हणतात, डॉक्टरांना दाखव. न्यूरॉलॉजिस्टची तारीख मिळते, मग तपासण्या, मग रिपोर्टची वाट. यात आठवडे जातात, कधी महिने. आजाराला अजून नाव नसतं आणि गाडी दारात उभी असते. मला या मधल्या काळाबद्दलच बोलायचं आहे. निदान झाल्यावर काय करावं हे सांगणारे पुष्कळ भेटतात. निदान व्हायच्या आधी गाडी चालवायची की नाही, हे मात्र बहुतेक जण एकट्याने ठरवतात, आणि ठरवताना ज्या मेंदूबद्दल शंका आहे त्यालाच पंच नेमतात.

मोटरसायकलवर चारही हातापायांना वेगळं काम असतं. डाव्या हाताकडे क्लच, उजव्याकडे थ्रॉटल आणि पुढचा ब्रेक, डाव्या पायाकडे गिअर, उजव्याकडे मागचा ब्रेक. यातलं एकही काम आपण बघून करत नाही. पाऊल ब्रेकवर आहे की त्याच्या शेजारी, हे तळवा आणि घोटा मेंदूला कळवत असतात. शिवाय तोल सांभाळायचा. तोल कळायला मेंदूकडे तीन वाटा आहेत: डोळे, अंतर्कर्ण म्हणजे कानाचा आतला भाग, आणि सांधे-स्नायूंतून येणारी जाणीव.

एकोणिसाव्या शतकात मोरित्झ रोम्बर्ग या जर्मन डॉक्टरांनी एक साधी गोष्ट टिपली. पायांतली जाणीव गेलेला रुग्ण पाय जुळवून उभा राहू शकतो, पण डोळे मिटले की डोलायला लागतो. म्हणजे पायांचं काम डोळे करत होते आणि रुग्णाला त्याचा पत्ताच नव्हता. ही चाचणी आजही न्यूरॉलॉजिस्टच्या खोलीत रोज होते.

याचं टोकाचं उदाहरण म्हणजे इयान वॉटरमन. १९७१ साली, वयाच्या १९व्या वर्षी, एका संसर्गानंतर या इंग्रज तरुणाची मानेखालची स्पर्शाची आणि आपले अवयव कुठे आहेत याची जाणीव गेली. स्नायूंत ताकद होती, पण हात कुठे आहे हे बघितल्याशिवाय कळत नव्हतं. प्रत्येक हालचालीवर नजर ठेवत तो पुन्हा चालायला शिकला. दिवे गेले की मात्र जागच्या जागी कोसळायचा.

अंतर्कर्ण गेला तर काय होतं, याची हकिकत १९५२ साली एका डॉक्टरनेच लिहून ठेवली आहे. स्ट्रेप्टोमायसिन या प्रतिजैविकाच्या इंजेक्शनांनी त्याच्या दोन्ही अंतर्कर्णांतली तोल सांभाळणारी यंत्रणा निकामी झाली. वाचताना नाडीच्या ठोक्याबरोबर पानावरची अक्षरं उडायची, म्हणून तो पलंगाच्या गजांमध्ये डोकं घट्ट अडकवून वाचत असे. निरोगी माणसात डोकं हललं की सुमारे एक शतांश सेकंदात डोळे तेवढेच उलट फिरतात आणि चित्र स्थिर राहतं. खडबडीत रस्त्यावर समोरची पाटी वाचता येते ती या प्रतिक्षिप्त क्रियेच्या जोरावर.

एक वाट बंद पडली की उरलेल्या दोन तिचा भार उचलतात. मेंदूचं हे औदार्य थक्क करणारं आहे, आणि दुचाकीवर तेच घातक ठरतं. रोजचा ओळखीचा रस्ता, लख्ख उजेड, थंड हवा, विश्रांती झालेलं शरीर असं असेपर्यंत सगळं ठीक चालतं आणि ‘मला काही झालेलं नाही’ असं वाटत राहतं. शिल्लक मात्र संपलेली असते. अंधार पडला, पाऊस आला, समोर अचानक कोणी आडवं आलं की उसनं घ्यायला काही उरत नाही.

ही कसोटी जास्त वेगातच लागते असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात तोलाची खरी परीक्षा कमी वेगात असते. चांगल्या वेगात मोटरसायकल बऱ्याच अंशी स्वतःला सावरते. चालण्याच्या वेगाने वळताना, थांबताना, उतारावर पाय टेकताना सगळा भार चालवणाऱ्याच्या मज्जातंतूंवर असतो. ‘हमरस्त्यावर मला काहीच त्रास होत नाही’ हे वाक्य म्हणूनच फारसा दिलासा देत नाही.

उष्णतेची गोष्ट दुचाकीस्वारांनी विशेष लक्षात ठेवावी. निरोगी मज्जातंतूंवर मायेलिन नावाचं आवरण असतं, त्यामुळे संदेश सेकंदाला ५०-६० मीटर वेगाने धावतात. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये मेंदू आणि मज्जारज्जूतलं हे आवरण जागोजागी झिजतं. झिजलेल्या तंतूतून संदेश कसाबसा पोचत असतो, आणि शरीराचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी तो अडू शकतो. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी १८९० साली व्यायामानंतर रुग्णांची नजर काही वेळ अंधुक होते हे नोंदवलं, ते यामुळेच. आता भर उन्हात जाड जॅकेट आणि बंद हेल्मेट घालून तासभर गाडी चालवणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. घरून निघताना तो ठणठणीत होता, हे खरंच असतं. याच आजारात, किंवा मानेतल्या मज्जारज्जूवर दाब असेल तेव्हा, हनुवटी छातीकडे झुकवली की पाठीतून विजेसारखी सणक जाते. पेट्रोलच्या टाकीकडे बघायला मान झुकवताना ती पहिल्यांदा जाणवली, तर हेल्मेटच्या वजनाला दोष देऊन विसरून जाऊ नका.

काही वेळा तर बिघाड कळण्याची सोयच बिघडते. १९१४ साली जोसेफ बाबिन्स्की या फ्रेंच न्यूरॉलॉजिस्टनी अर्धांगवायू झालेले, पण आपल्याला तो झालाय हेच न कळणारे रुग्ण वर्णिले. पक्षाघातानंतर नजरेच्या क्षेत्राची एक बाजू गेली तर तिथे काळा पडदा दिसत नाही. त्या बाजूचं जग नाहीसं होतं आणि मेंदू उरलेल्यालाच पूर्ण मानतो. उंबरठ्याला, दाराच्या चौकटीला एकाच बाजूने वारंवार धक्का लागणं, गाडीवर एकाच बाजूला नवे ओरखडे दिसणं, ही लक्षणं घरच्यांना आधी दिसतात. या बाबतीत मागे बसणाऱ्याचं मत चालवणाऱ्याच्या मतापेक्षा वजनदार मानावं, असं माझं ठाम म्हणणं आहे.

शुद्ध हरपण्याचा प्रश्न वेगळा. ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. दहा सेकंदांचं भान हरपलं तर सुमारे १७० मीटर. मोटरसायकल तेवढं अंतर उभी राहणार नाही. चारचाकी मात्र राहील, आणि पाय ॲक्सिलरेटरवर असेल तर वेग वाढवत जाईल. फिट येत असल्याची नुसती शंका असली तरी ‘दुचाकी नको, कारने जातो’ हा उपाय होत नाही. तिथे सगळंच चालवणं बंद. पहिला ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, निर्दोष आला म्हणून शंका मिटतेच असंही नाही. अपस्मार असलेल्या अनेकांचा पहिला आलेख साधाच येतो.

औषधंही बघावीत. १९९९ साली कंपवाताच्या (पार्किन्सन्सच्या) आठ रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली: प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल ही त्याच आजारावरची औषधं घेत असताना ते गाडी चालवता चालवता झोपी गेले होते. नवी गोळी सुरू झाली की पहिले दिवस स्टिअरिंगपासून आणि हँडलपासून दूर राहावं.

उगाच घाबरूही नये. हँडलच्या थरथरीने आणि मनगट वाकवून धरल्याने तळव्यातले मज्जातंतू दबतात आणि बोटं बधिर होतात. गाडी थांबवून हात झटकले की जाणीव परत येते. असं असेल तर मनगटाचा कोन आणि पकड तपासून बघा. गाडी चालवली नाही त्या दिवशीही मुंग्या येत असतील, रात्री झोपमोड होत असेल किंवा पकड सैल होऊन वस्तू हातातून सुटत असतील, तर डॉक्टरांकडे जा. आणि चेहऱ्याची, हाताची किंवा पायाची एक बाजू अचानक लुळी पडली, बोलणं अडखळलं, तर तपासणीची तारीख घेत बसू नका. त्याच मिनिटाला रुग्णालय गाठा, आणि गाडी दुसऱ्याला चालवू द्या.

निदानापर्यंतच्या काळात काय करावं? माझ्या मते दुचाकी थांबवावी. ज्याला गाडीवर बसल्यावरच मोकळा श्वास मिळतो, त्याला हे सांगताना मला वाईट वाटतं. कामावर जायची सोय करावी लागते, लोकांना कारण सांगावं लागतं, मन खट्टू होतं. पण थांबणं म्हणजे सोडणं नव्हे. डॉक्टर पुष्कळदा स्वतःहून गाडीचा विषय काढत नाहीत. तो आपण काढावा, आणि ‘मी गाडी चालवतो’ असं मोघम न सांगता ‘मी मोटरसायकल चालवतो, रोज इतकं अंतर, रात्रीही’ असं सांगावं. प्रत्येक प्रसंगाची तारीख, वेळ, तो किती टिकला आणि त्याआधी ऊन, जागरण किंवा उपास होता का, हे लिहून ठेवावं. झटका येताना घरच्यांनी मोबाइलवर चित्रित केला तर त्या अर्ध्या मिनिटाचा निदानाला फार उपयोग होतो.

बऱ्याच जणांना परत चालवता येतं. कूस बदलताना गरगरणारी एक प्रकारची चक्कर अंतर्कर्णातले कण जागचे सुटल्याने येते आणि डोकं ठराविक क्रमाने वळवण्याच्या उपचाराने अनेकदा एक-दोन बैठकांत थांबते. बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने आलेला बधिरपणा लवकर लक्षात आला तर बराचसा भरून येतो. अपस्माराच्या साधारण दोन-तृतीयांश रुग्णांच्या फिट औषधांनी थांबतात; त्यानंतर परवानगी मिळते का आणि किती काळाने, हे प्रत्येक देशाचा कायदा ठरवतो, कुठे सहा महिने, कुठे वर्ष, कुठे अधिक. पायातली ताकद कायमची कमी झाली तर गिअर आणि ब्रेक हाताकडे आणता येतात, तीन चाकांची मोटरसायकल असते.

डॉक्टरांनी होकार दिल्यावर पहिला दिवस रस्त्यावर घालवू नका. सकाळी, गार हवेत, मोकळ्या मैदानावर, सोबत कोणीतरी उभं असताना चालण्याच्या वेगाने आठचा आकडा काढा, दोन्ही बाजूंनी. मग थांबा आणि खाली न बघता पाय टेका. टेकल्याचं कळलं का, ते सोबतच्या माणसाला मोठ्याने सांगा.