पाण्यात शिरलं की साखळी अंग दुमडते

बेळगावच्या उद्यमबागेतल्या हीट ट्रीटमेंटच्या शेडमध्ये भट्टीतून काढलेला लालभडक शाफ्ट टाकीत उतरतो, तेव्हा हल्ली तेलाचा धूर उठत नाही. टाकीत पाणी असतं आणि त्यात ‘पॉलिमर’, म्हणजे कडीला कडी जोडत गेलेल्या लांब साखळीच्या रेणूंचा पदार्थ, मिसळलेलं असतं. लोहार कोयत्याला पाणी पाजतो, तेच हे काम. निव्वळ पाण्यानं पोलाद तडकायची भीती, तेलाला आगीची, म्हणून हा मधला मार्ग. तापलेल्या पोलादाला टेकताच पाण्यातलं पॉलिमर सुटं होऊन त्यावर पातळ थर धरतं, त्यामुळे उष्णता बेतानं बाहेर पडते. तुकडा निवला की थर पुन्हा विरघळून जातो. साखर गरम चहात पटकन विरघळते. इथं गरम झालं की विरघळलेलं बाहेर येतं. ‘हे उलटं कसं काय?’ असं तिथल्या एका ऑपरेटरनं मला विचारलं होतं. मला तेव्हा धड सांगता आलं नाही.

उत्तराचं एक टोक चोर्ला घाट उतरून गोव्यात सापडतं. आगुश्तिन्यो व्हिसेंत लोरेन्सो हे मडगावचे. ते पॅरिसला वुर्ट्झ या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत गेले. वुर्ट्झ यांनी 1859 मध्ये इथिलीन ऑक्साइड तयार केलं आणि त्याच सुमारास लोरेन्सोंनी इथिलीन ग्लायकॉलचे रेणू एकापुढे एक जोडून सहा कड्यांपर्यंतच्या साखळ्या मिळवल्या. साखळी लांबली की द्रव घट्ट होतो, हेही त्यांनी नोंदवलं. हे सगळं जर्मन रसायनशास्त्रज्ञ श्टाउडिंगर यांनी 1920 मध्ये महारेणूंची, म्हणजे असंख्य कड्यांच्या लांबलचक रेणूंची, कल्पना मांडली त्याच्या साठ वर्षं आधीचं. माझ्या कॉलेजच्या पुस्तकांत श्टाउडिंगर होते, लोरेन्सो नव्हते. पुढे श्टाउडिंगर यांनीही याच पॉलिईथरवर, म्हणजे ऑक्सिजननं सांधलेल्या साखळ्यांवर, बरंच काम केलं. टाकीतलं पॉलिमर याच घराण्यातलं.

इथिलीन ऑक्साइड जोडा की इथिलीन ग्लायकॉल, होणाऱ्या साखळीची रचना एकच आणि साधी आहे: दोन कार्बन, एक ऑक्सिजन, पुन्हा दोन कार्बन, एक ऑक्सिजन. सगळी गंमत दोन कार्बनमधल्या जोडावर आहे, कारण तो जोड फिरतो. एका ठेवणीत शेजारचे दोन ऑक्सिजन विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात. तिला ट्रान्स म्हणतात. दुसरीत ते वळून एकमेकांजवळ येतात, ती गॉश. गॉशमध्ये दोघांत साधारण 2.8 ते 2.9 अँगस्ट्रॉम अंतर उरतं (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग). पाण्याचे रेणू एकमेकांचा हात धरतात तेव्हा त्यांच्या ऑक्सिजनांतलं अंतरही जवळजवळ एवढंच भरतं.

हे अंतर किती मोलाचं आहे ते उद्यमबागेतल्या कुठल्याही टर्नरला पटेल. त्याच्याकडे डेलरिनचा पांढरा रॉड असतोच. डेलरिन म्हणजे पॉलिऑक्सिमिथिलीन, म्हणजे दोन ऑक्सिजनांमध्ये एकच कार्बन. ऑक्सिजनचं प्रमाण जास्त, तर ते पाण्यात जास्त विरघळायला हवं. पण त्याचे बुश आणि गिअर पाण्यात खुशाल चालतात. तीन कार्बन घातले तरी विरघळत नाही. दोनच कार्बनवर सूर जुळतो. शेलांडर आणि फ्लोरिन या संशोधकांनी 1981 मध्ये याचा अर्थ असा लावला की ही साखळी पाण्याच्या जाळीत फारशी मोडतोड न करता सामावते आणि तिच्याभोवती पाणी जास्त शिस्तीत उभं राहतं. तापवलं की ती शिस्त महाग पडते आणि साखळ्या बाहेर ढकलल्या जातात. 1985 मध्ये कार्लस्ट्रोम या संशोधकांनी साखळीकडूनच विचार केला. पाण्याला आवडणारी, जास्त ध्रुवीय (विजेचा भार एका बाजूला झुकलेली) अशी ठेवण कमी ऊर्जेची, पण ती मोजक्याच तऱ्हांनी साधते. पाण्याला नावडणाऱ्या ठेवणी मात्र पुष्कळ. उष्णता वाढली की ‘पुष्कळ’चं पारडं जड होतं. मला कार्लस्ट्रोम यांची मांडणी जास्त पटते, कारण साखळीची ठेवण मोजून बघता येते.

ती मोजायचं साधन रामन यांचं: रेणूवरून विखुरलेल्या प्रकाशाचा रंग किंचित बदलतो आणि त्या बदलावरून रेणूची ठेवण ओळखता येते. 28 फेब्रुवारी 1928 ला कोलकात्यात सापडलेला हा परिणाम पाण्यातल्या रेणूंसाठी फार सोयीचा, कारण अवरक्त किरण पाणी स्वतःच गिळून टाकतं, रामन प्रकाशात मात्र पाण्याचा आवाज मंद असतो. (रामन 1933 मध्ये बेंगळुरूला आले ते कायमचे.) स्फटिकातल्या लांब साखळीचा मळसूत्री आकार, दोन वेढ्यांत सात कड्या, क्ष-किरणांनी स्पष्ट झाला होताच. केनिग आणि अँगुड या संशोधकांना 1970 मध्ये रामन वर्णपटात दिसलं की क्लोरोफॉर्ममध्ये हा आकार विस्कटतो, पण पाण्यात त्याच्या खुणा टिकतात.

तरी लांब साखळीचा वर्णपट म्हणजे बाजाराच्या दिवशीचा गलबला; कुठला आवाज कुठल्या जोडाचा ते कळत नाही. म्हणून हिरोशिमा विद्यापीठातले मात्सुऊरा आणि त्यांचे सहकारी आखूड साखळ्यांकडे वळले. सगळ्यांत आखूड डायमिथॉक्सिइथेन, त्यात ऑक्सिजन दोनच. त्याच्या निव्वळ द्रवात अनेक ठेवणी मिसळलेल्या असतात. त्यांच्या 2000 मधल्या अभ्यासात पाणी वाढवत नेलं तसा मधला जोड गॉश आणि बाजूचे दोन्ही ट्रान्स, ही एकच ठेवण वरचढ होत गेली. सरळ ठेवणीत दोन ऑक्सिजनांची ध्रुवीयता एकमेकींना जवळपास खोडून काढते. गॉशमध्ये ती उरते आणि पाण्याला धरायला जागा मिळते.

एवढं कळल्यावर मी त्या ऑपरेटरकडे परत गेलो. त्यानं नवाच पेच टाकला: मग साधं ग्लायकॉल का नाही ओतत टाकीत? कारण नुसत्या इथिलीन ऑक्साइडच्या साखळ्या गढुळायला, म्हणजे पाण्यातून सुटून पाणी गढूळ करायला, पाण्याच्या उकळबिंदूच्याही वर जावं लागतं आणि लोरेन्सोंच्या सहा कड्यांएवढ्या आखूड तर पाण्यातून सुटतच नाहीत. टाकीतल्या साखळीत प्रॉपिलीन ऑक्साइडच्या कड्या मिसळलेल्या असतात. प्रत्येक कडीवरचा जादा मिथाइल गट पाण्याला अडतो, त्यामुळे गढुळण्याचं तापमान सत्तर-ऐंशी अंशांपर्यंत खाली येतं. टाकी त्याच्या बरीच खाली गार ठेवायची, हे त्याला माझ्याआधीच माहीत होतं.