करपलेल्या हुलग्याची साक्ष

हुलग्याचं माडगं करायचं तर हुलगे आधी भाजायचे आणि मग दळायचे. चिकोडी-निपाणीकडे हे कुणाला सांगावं लागत नाही. भाजताना जाळ मोठा झाला की मूठभर दाणे करपतात आणि चुलीतल्या राखेबरोबर उकिरड्यावर जातात. पहिल्या शेतकऱ्यांच्या ताटात काय होतं हे शोधणाऱ्या पुरातत्त्वज्ञांची सगळी मदार असल्या सांडलवंडीवर असते.

कारण कच्चा दाणा आपल्याकडच्या मातीत टिकत नाही. कीड, बुरशी आणि जिवाणू त्याचा फडशा पाडतात. करपून कोळसा झालेला दाणा मात्र त्यांच्या कामाचा नसतो. त्यासाठी आच साधारण २०० ते ४०० अंश सेल्सिअस हवी आणि वारा कमी हवा. हवा भरपूर मिळाली तर दाण्याची राखच होते. म्हणून जाळात मधोमध पडलेला दाणा जातो आणि राखेखाली दबलेला उरतो. शिजवलेली पालेभाजी, उकडलेले कंद, दूध यांचा असा माग जवळजवळ लागतच नाही. उलट जे धान्य भाजावं लागतं किंवा कांडण्याआधी शेकावं लागतं, ते जास्त सापडतं. जास्त सापडलं म्हणजे जास्त खाल्लं, असा हिशेब त्यामुळे करता येत नाही.

हे दाणे डोळ्यांनी वेचता येत नाहीत. मातीच धुवावी लागते. प्रत्येक चूल, प्रत्येक खड्डा, प्रत्येक थर यांची माती वेगवेगळ्या पोत्यांत भरतात, दर वेळी २० ते ३० लिटर, म्हणजे दोन-तीन बादल्या. माती सावलीत वाळवायची, पाण्याने भरलेल्या बादलीत थोडी थोडी सोडायची आणि तळापासून हलक्या हाताने ढवळायची. कोळसा हलका असतो, तो वर येतो. गाळ तळाशी बसू लागला की वरचं पाणी ०.२५ ते ०.३ मिलिमीटर छिद्रांच्या जाळीतून ओतायचं. वर काही येईनासं होईपर्यंत हे चालू ठेवायचं. चहाची गाळणी इथे चालत नाही, कारण बारीक भरडधान्याचा दाणा एक-दीड मिलिमीटरचा आणि तणाचं बी त्याहूनही लहान. तळाचा गाळ १ मिलिमीटरच्या जाळीवर धुतला की हाडं, मणी, दगडाच्या कपच्या आणि पाणी पिऊन जड झालेले काही दाणे मिळतात. तो फेकला तर अर्धं काम वाया गेलं.

खरी डोकेदुखी काळ्या मातीची. तिची ढेकळं पाण्यात विरघळत नाहीत आणि आतला कोळसा तसाच बुडून राहतो. खाण्याचा सोडा घालून माती रात्रभर भिजवली तर ढेकळं सुटतात. घाई करून ती हाताने चोळली की दाण्यांचा चुरा होतो. जाळीवरचा माल उन्हात पसरायचा नाही. पाणी झपाट्याने उडालं तर दाणा तडकतो. कापडात पुरचुंडी बांधून दोरीवर सावलीत टांगायची, दोन-तीन दिवस लागले तरी चालतील. आपल्या हातून किती निसटतं हे पाहायला एक स्वस्त युक्ती आहे: करपवलेल्या खसखशीचे १०० दाणे मोजून मातीत मिसळायचे आणि धुतल्यावर किती परत आले ते मोजायचे. ४० आले तर दोष मातीचा नाही, धुणाऱ्याचा.

काळी माती आणखी एक घोटाळा करते. उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात आणि आजचं बी थेट जुन्या थरात उतरतं. मुंग्या आणि उंदीरही ते खाली नेतात. न करपलेलं बी बाजूला काढणं सोपं. शेतात पाचट जाळलं असेल तर नवं बीही करपलेलं असतं. शेंगदाणा, मका, मिरची, तंबाखू यांपैकी काही नवाश्मयुगीन, म्हणजे दगडी हत्यारं वापरणाऱ्या पहिल्या शेतकऱ्यांच्या काळातल्या, खड्ड्यात निघालं तर तो शोध नव्हे, भेसळ. ही पिकं अमेरिका खंडातून गेल्या पाचशे वर्षांत आली. जोंधळा, बाजरी आणि नाचणी आफ्रिकेतून आली, पण फार आधी. त्यांचा दाणा जुना की नवा हा वाद अंदाजाने मिटत नाही. वय काढण्यासाठी तोच एक दाणा कार्बन-१४ पद्धतीने तपासावा लागतो. त्याला काही मिलिग्रॅम कोळसा पुरतो, पण दाणा संपतो. म्हणून आधी फोटो आणि मापं घेतात.

ओळख पटवणं हे वेगळंच कसब. करपताना दाणा आक्रसतो किंवा फुगतो. म्हणून आजचे दाणे भट्टीत मुद्दाम करपवून शेजारी ठेवतात. डाळींचं टरफल बहुधा गळून पडलेलं असतं, तेव्हा दोन दळांमधला इवलासा कोंब पाहून मूग की उडीद ते ठरवतात. चुका होतात. कर्नाटकात हावेरी जिल्ह्यातल्या हल्लूर या नवाश्मयुगीन वस्तीचे दाणे एकेकाळी नाचणी म्हणून नोंदले गेले. पुढे फेरतपासणीत त्या ओळखीवर शंका घेतली गेली.

हल्लूर, बळ्ळारीजवळचं संगनकल्लू आणि अशा इतर वस्त्यांमधली माती धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचे रवी कोरीशेट्टर, लंडनचे डोरियन फुलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धुतली. चार वनस्पती पुन्हा पुन्हा समोर आल्या: हुलगा, मूग, कन्नडमध्ये ज्याला कोरले म्हणतात ते बारीक भरडधान्य, आणि कपड्यांना चिकटणाऱ्या कणसांचं एक रानगवत. भात त्यात नाही. खानापूरच्या खाचरांवरून त्या काळाची कल्पना करू नये. बेळगावच्या वेशीवरचं वडगाव-माधवपूरही इथे कामाचं नाही, ते सातवाहन काळातलं नगर, म्हणजे बरंच नंतरचं.

तणांचं बीही जपून ठेवतात. मळणी, उफणणी, पाखडणी या प्रत्येक पायरीला वेगळा कचरा निघतो. चुलीत बारीक तणबी खूप असेल तर धान्य अर्धवट साफ करून साठवलं होतं आणि उरलेली पाखडणी रोज घरीच व्हायची, असा तर्क करता येतो. मात्र शेणी जाळल्या असतील तर ते बी जनावराच्या पोटातूनही आलेलं असू शकतं. दक्षिणेतल्या नवाश्मयुगीन लोकांनी शेण जाळून राखेची टेकाडंच उभी केली होती, तेव्हा ही शंका नेहमी घ्यावी.

पण दाणा रानातला की पेरलेला, हे कसं कळणार? हुलग्याच्या बाबतीत उत्तर टरफलात आहे. रानटी हुलग्याचं टरफल जाड असतं, पाणी आत शिरत नाही, म्हणून सगळं बी एकाच पावसाला उगवत नाही. भिजत घातलेल्या कडधान्यात जो गणंग उरतो, त्याच जातीचा हा हट्टीपणा. रानात तो फायद्याचा. शेतात मात्र उशिरा उगवलेलं रोप कापणीला येत नाही, त्याचं बी पुढच्या पेरणीत जात नाही. कुणी निवड न करताही पातळ टरफलाचे दाणे वाढत जातात. २०१७ मध्ये शार्लीन मर्फी आणि फुलर यांनी १२ जुने करपलेले हुलगे इंग्लंडमधल्या सिंक्रोट्रॉन या अवाढव्य यंत्राच्या तीव्र क्ष-किरणांखाली, दाणे न कापता तपासले. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात टरफल पातळ होत गेल्याचं त्यात दिसलं.

अशा तपासणीला टरफल शाबूत असलेला दाणा लागतो आणि तसे थोडेच निघतात. बादलीत हात जड पडला तर तेही जातात. दाणा ओळखता येतो, पण तो पेरलेला होता की वेचलेला, हे सांगणारं टरफल सांडपाण्याबरोबर वाहून गेलेलं असतं.