डबल बासचा आवाज पातळ येतो? दोष पिकअपचा नाही

रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह असो की लग्नाचं लॉन, नागपुरात डबल बास (उभं धरून वाजवायचं, खालच्या स्वरांचं मोठं तंतुवाद्य) थेट मिक्सरला जोडला की आवाज टिनपाट येतो आणि ठरलेला सल्ला मिळतो: ‘पिएझो पिकअप असाच वाजतो, जाड तारा लावा.’ हे चूक आहे.

ब्रिजच्या, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीच्या, फटीत खोचलेला पिएझो तारांच्या कंपनांची वीज करतो. तो म्हणजे विजेच्या हिशेबात एक छोटा कपॅसिटर. समोरच्या इनपुटचा इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा, ओममध्ये मोजतात) जितका कमी, तितके खालचे स्वर जास्त गळतात. पिकअप १ नॅनोफॅरडचा धरा. मिक्सरच्या १० किलोओम लाइन इनपुटवर १६,००० हर्ट्झच्या खालीच उतार लागतो. १ मेगओमवर १६० आणि १० मेगओमवर १६ हर्ट्झच्या खाली. सगळ्यांत खालची ई तार तर ४१ हर्ट्झची. मग बास उरणार कुठून?

मध्ये १० मेगओम इनपुटचा प्रीअँप (मिक्सरआधी सिग्नल सांभाळणारी छोटी पेटी) लावा, तोही बासजवळ, आखूड केबलने. साध्या पॅसिव्ह (विजेविना चालणाऱ्या) डीआय बॉक्सने, म्हणजे वाद्य मिक्सरला जोडायच्या डबीने, भागत नाही. मिक्सरच्या ईक्यूवर (स्वर कमी-जास्त करायच्या बटणांवर) लो वाढवलं तर आधी घरघरच वाढते.

तारांचं म्हणाल, तर पिएझोला गट (आतड्याच्या तारा), नायलॉन, स्टील सगळं चालतं. स्टील लागतं मॅग्नेटिक (चुंबकावर चालणाऱ्या) पिकअपला. जाड तारांनी बोटं तेवढी सोलतात.