केंद्रात कोण येते आणि कोण येत नाही : रहिवासी सर्वेक्षणाविषयी आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरातील गृहनिर्माण संस्था, वसाहतींची मंडळे आणि छोटे न्यास यांच्यासाठी आम्ही रहिवाशांची सर्वेक्षणे करतो. आमच्याकडे येणारे बरेचसे काम एकाच विषयाचे असते. वसाहतीचे एक सभागृह असते, ज्याला जुन्या वसाहतींत समाजमंदिर म्हणतात, ज्येष्ठ मंडळी विरंगुळा केंद्र म्हणतात आणि नव्या संकुलांत क्लब हाउस म्हणतात; या पत्रकात आम्ही त्याला नुसते केंद्र म्हणतो. त्याच्या विजेचा, सफाईचा आणि रंगरंगोटीचा खर्च प्रत्येक घराच्या मासिक देखभाल शुल्कातून जातो. आणि तरीही त्याचा उपयोग नेमका कोणाला, किती आणि कशासाठी होतो असे विचारले, तर कार्यकारिणीतील पाच जण पाच उत्तरे देतात. काम सोपवण्यापूर्वी हे पत्रक आपण वाचावे, कारण त्यातील काही गोष्टींना आपली मान्यता नसेल तर ते आधीच कळलेले बरे.

पहिल्या बैठकीत आम्ही प्रश्नावलीचा विषय काढत नाही. सर्वेक्षणाच्या निकालावर आपला कोणता निर्णय अवलंबून आहे, एवढेच विचारतो. सभागृह रात्री आठऐवजी दहापर्यंत उघडे ठेवायचे का, टेबल टेनिसच्या खोलीची अभ्यासिका करायची का, साखरपुड्या-बारशांना बाहेरच्यांना भाड्याने द्यायचे का, असा एखादा प्रश्न समोर असेल तर सर्वेक्षणाला आकार येतो. ‘लोकांना काय वाटते ते जरा बघू’ एवढ्यावर काम सुरू केले, तर चाळीस पानांचा अहवाल तयार होतो आणि संस्थेच्या कपाटात जाऊन बसतो. निर्णय आधीच झालेला असेल आणि त्यावर रहिवाशांच्या संमतीचा शिक्का हवा असेल, तर तेही मोकळेपणाने सांगावे. ते काम आम्ही घेत नाही, पण दोघांचाही वेळ वाचतो.

विचारण्याआधी मोजणी

रहिवाशांच्या दारात जाण्यापूर्वी दोन आठवडे आम्ही केंद्रातच मोजणी करतो. आरक्षणाची वही, वीजबिले आणि हजेरीपुस्तक ही पहिली साधने. वीजबिलावरून दिवे-पंखे किती चालले याचा अंदाज येतो, परंतु पंख्याखाली कोण बसले होते ते कळत नाही. आणि हजेरीपुस्तकात एकाच शाईने, एकाच वळणाच्या अक्षरात ओळीने चौदा नावे लिहिलेलीही आम्ही पाहिली आहेत. म्हणून जेथे पादत्राणे बाहेर काढण्याची पद्धत आहे, तेथे आमचा माणूस दर तासाला एकदा दाराबाहेरच्या चपला मोजतो. हे ऐकून ग्राहकांना हसू येते, पण एवढी प्रामाणिक नोंद दुसरी सापडलेली नाही.

एका वसाहतीत बुधवारी सायंकाळी साडेपाच वाजता दाराबाहेर अकरा जोड होते. नऊ पुरुषांचे, एक लहान मुलीचा गुलाबी, आणि एक सफाई करणाऱ्या मावशींचा, भिंतीला लावून वेगळा ठेवलेला. त्या वेळी तेथे महिला मंडळ भरते, अशी कार्यकारिणीची समजूत होती. ते पूर्वी भरत असे. कॅरमचा आणि दूरचित्रवाणीचा आवाज वाढल्यावर ते एका सभासद बाईंच्या दिवाणखान्यात भरू लागले होते, आणि ही गोष्ट कोणी कोणाला सांगितली नव्हती.

अशा मोजणीतून येणारे कळतात. न येणाऱ्यांना गाठायचे तर त्यांच्याच घराची बेल वाजवावी लागते, आणि आमच्या कामाचा मोठा भाग तोच आहे.

व्हॉट्सअॅपवर फॉर्म पाठवला तर चालणार नाही का?

हा प्रश्न आम्हाला प्रत्येक ग्राहक विचारतो, आणि खर्च पाहता तो रास्तच आहे. अडचण अशी की संस्थेच्या गटावर पाठवलेला फॉर्म भरण्याची तसदी बहुधा तेच घेतात ज्यांचे केंद्रात जाणे-येणे आहे, किंवा ज्यांचे त्यावरून भांडण आहे. ज्याला केंद्राशी कर्तव्यच नाही तो फॉर्म उघडत नाही, गटात नसलेल्या आजींपर्यंत तो पोहोचत नाही, आणि एकाच घरातून तीन फॉर्म आले तर ते ओळखणे अवघड असते. चारशे घरांतून दीडशे फॉर्म आले तरी ती दीडशे घरे स्वतःहून पुढे आलेली असतात, आणि त्यांच्यावरून उरलेल्या अडीचशेंविषयी काही सांगता येत नाही. ऑनलाइन फॉर्म आम्ही वापरतो, परंतु ज्या घराची निवड झाली आहे त्याला स्वतंत्र क्रमांक देऊन, आणि प्रत्यक्ष भेट शक्य नसेल तेव्हाच.

किती घरे आणि कोणती

पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे तेव्हाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची सविस्तर पाहणी केली आणि ती १९१७ साली प्रसिद्ध झाली. तेव्हा ते शेतकऱ्यांचे लहानसे गाव होते. आज त्याच शिवारात बहुमजली संकुले उभी आहेत आणि एकेका संकुलातच गावाहून अधिक बिऱ्हाडे आहेत, त्यामुळे सगळ्यांना विचारणे वेळेत आणि पैशात बसत नाही. निवडक घरांना विचारून सगळ्यांविषयी बोलायचे, तर ती निवड नीट व्हायला हवी.

‘दहा टक्के घरे घ्या’ असा एक सोयीचा हिशेब रूढ आहे, तो चुकीचा आहे. ४०० घरांच्या वसाहतीत १९६ घरांची उत्तरे मिळाली, तर केंद्राचा उपयोग करणाऱ्या घरांची आम्ही काढलेली टक्केवारी खऱ्या टक्केवारीपेक्षा ५ अंकांहून अधिक चुकण्याची शक्यता वीसात एक एवढीच राहते. १० अंकांपर्यंतची चूक चालणार असेल, तर ७८ घरे पुरतात. उलट वसाहत दहापट मोठी, म्हणजे ४,००० घरांची असली, तरी त्याच ५ अंकांच्या अचूकतेसाठी सुमारे ३५० घरे लागतात, दहापट लागत नाहीत. मोठ्या संकुलांना दर घरामागे सर्वेक्षण स्वस्त पडते आणि छोट्या सोसायट्यांना महाग, ते यामुळे. साठ-सत्तर घरांच्या सोसायटीला आम्ही सरळ सांगतो की नमुना काढण्याच्या भानगडीत पडू नका, सगळ्यांकडेच जाऊ. येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे : ७८ घरांच्या नमुन्यात भाडेकरूंची बाराच घरे आली असतील, तर केवळ भाडेकरूंविषयी टक्केवारी काढणे आम्ही टाळतो, आणि आपणही सभेत ती काढू नये.

निवड चिठ्ठ्या टाकून होते. दर अमक्या क्रमांकाचे घर घेण्याची रीत सोपी असली तरी इमारतीत ती फसवी ठरते. मजल्यावर चार सदनिका असतील आणि दर चौथी सदनिका घेतली, तर तळापासून गच्चीपर्यंत एकाच कोपऱ्यातली घरे येतात, आणि बऱ्याचदा तो कोपरा मोठ्या सदनिकांचा असतो. ही चूक आमच्याच हातून सुरुवातीच्या काळात झाली आहे. अहवाल देण्यापूर्वी ती लक्षात आली, म्हणून तेथील घरभेटी आम्ही पदरमोड करून पुन्हा केल्या. आता चिठ्ठ्या आपल्या दोन सभासदांसमोर काढल्या जातात आणि निवडलेल्या घरांच्या यादीवर त्यांची सही घेतली जाते.

निवडलेले घर बंद मिळाले, तर शेजारचे घर घेत नाही. वेगवेगळ्या वारी आणि वेगवेगळ्या वेळी तीनदा जातो. सकाळी अकरा वाजता बंद असलेली घरे बहुतेक नोकरदार जोडप्यांची असतात, आणि त्यांच्याऐवजी समोरच्या घरातील निवृत्त काकांना विचारले, तर वसाहतीतला प्रत्येक जण दुपारी पत्ते खेळायला मोकळा आहे असा निष्कर्ष निघू शकतो.

घरातील कोणाला विचारायचे हेही आम्ही घरावर सोपवत नाही, कारण तसे केले तर दार उघडणारी व्यक्ती ‘साहेब घरी नाहीत, नंतर या’ असे म्हणते आणि साहेब भेटले की सगळ्या घरादाराचे मत तेच सांगतात. घरातील प्रौढांपैकी ज्यांचा वाढदिवस नुकताच होऊन गेला, त्यांच्याशी आम्ही बोलतो. ही जगभर रुळलेली पद्धत आहे आणि आपल्याकडे ती खेळीमेळीने स्वीकारली जाते. शक्य तेथे स्त्रियांशी बोलायला स्त्री प्रगणकच जाते. सासूबाई सोफ्यावर बसलेल्या असताना सूनबाई ‘वेळच मिळत नाही’ असे सांगतात, आणि दाराबाहेर निरोप घेताना खरे कारण सांगतात : जिन्यातला दिवा लागत नाही, किंवा स्त्रियांच्या स्वच्छतागृहाला कडी नाही. असे दाराबाहेरचे बोलणे त्यांना विचारूनच नोंदवले जाते.

प्रश्नांची भाषा

‘आपण केंद्राचा वापर करता का?’ या प्रश्नाला भिडेखातर ‘हो’ येते. त्याऐवजी ‘गेल्या तीस दिवसांत आपण स्वतः किती वेळा केंद्रात गेलात, आणि शेवटचे कशासाठी गेलात?’ असे विचारले, की ‘अहो, गणपतीतच गेलो होतो’ असे उत्तर मिळते. वर्षभराचे विचारले तर लोक अंदाजाने बोलतात. महिन्याभराचे बऱ्यापैकी आठवते.

इच्छेच्या प्रश्नांपासून जपावे लागते. ‘अभ्यासिका हवी का?’ या प्रश्नाला नाही म्हणणारा मराठी माणूस आम्हाला अद्याप भेटायचा आहे. म्हणून तोच प्रश्न आम्ही किंमत घालून विचारतो : टेबल टेनिसची खोली बंद करून आणि दरमहा ३०० रुपये शुल्क ठेवून अभ्यासिका सुरू केली, तर आपल्या घरातील कोण, कोणत्या वेळी तेथे बसेल? नाव आणि वेळ सांगता आली, तर त्या उत्तराला वजन आहे.

जे कधीच गेले नाहीत त्यांच्यासाठी प्रश्नावलीत वेगळे पान असते आणि ते सर्वांत मोठे असते. केंद्र कोठे आहे हे ठाऊक आहे का, किल्ली कोणाकडे असते, आरक्षणासाठी कोणाला विचारायचे, पायऱ्या चढता येतात का, आणि ‘ते ठरावीक लोकांचे आहे’ असे कधी वाटले का. शेवटचा प्रश्न गाळावा अशी सूचना आम्हाला अनेकदा येते. आम्ही तो गाळत नाही. शब्द मात्र सौम्य ठेवतो.

भाडेकरूंचे काय?

भाडेकरू संस्थेचे सभासद नसतात, त्यांना सभेत मत नसते, म्हणून सर्वेक्षणातही त्यांना घेऊ नये, असे काही कार्यकारिणींचे म्हणणे असते. आमचे मत याउलट आहे. सर्वेक्षण म्हणजे मतदान नव्हे. आपल्याला वापर मोजायचा आहे, आणि जो अकरा महिन्यांच्या करारावर राहतो त्याचीही मुले त्याच आवारात खेळतात. अहवालात सभासद आणि भाडेकरू यांची उत्तरे वेगळी दाखवण्यास आमची हरकत नाही, त्यांना वगळण्यास आहे.

काळवेळ

गृहनिर्माण संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, आणि तिची सूचना पूर्ण चौदा दिवस आधी काढायची असते. त्यामुळे ऑगस्टमध्ये अचानक फोन वाजू लागतात, आणि नेमक्या त्याच सुमारास गणेशोत्सव जवळ आलेला असतो. उत्सवाच्या आगेमागे केलेली मोजणी फुगलेली येते, मे महिन्यात निम्मी घरे गावी गेलेली असतात, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षांमुळे कोणी दारात उभे करत नाही. जूनच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंतचे दिवस आम्हाला सर्वांत सोयीचे वाटतात. ते चुकले तर दिवाळीनंतर जानेवारीपर्यंत. एका मुलाखतीस बारा ते पंधरा मिनिटे लागतात, आणि एका सायंकाळी एक प्रगणक सात-आठ घरांहून अधिक घरे नीट करू शकत नाही, हे धरून वेळापत्रक आखावे.

रहिवाशांची माहिती

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये संमती आणि हेतू यांविषयी जे म्हटले आहे, त्याला धरून आम्ही चालतो. माहिती कशासाठी घेतो हे दारातच मराठीत सांगतो, नको म्हणणाऱ्याला आग्रह करत नाही, आणि अठरा वर्षांखालील मुलांशी पालकांच्या संमतीवाचून बोलत नाही. सदनिका क्रमांक आणि उत्तरे वेगवेगळ्या ठिकाणी ठेवली जातात आणि अहवाल स्वीकारला गेला की क्रमांकांची यादी नष्ट केली जाते. ‘कोणी काय सांगितले’ हे अध्यक्षांनाही मिळणार नाही. पाचपेक्षा कमी घरांचा गट अहवालात स्वतंत्र दाखवला जात नाही, कारण ‘सी इमारतीतील दोन घरांची तक्रार’ असे लिहिले की ती कोणाची हे सगळ्यांना समजते.

आपल्याकडून काय लागेल

सदनिकांची अद्ययावत यादी, त्यात भाड्याने दिलेल्या आणि बंद असलेल्या घरांची नोंद. गेल्या वर्षभराची आरक्षणाची वही, जशी असेल तशी, नव्याने सुवाच्य करून लिहिलेली नको. बारा महिन्यांची वीजबिले. आणि सूचनाफलकावर लावण्यासाठी सचिवांच्या सहीचे पत्र, म्हणजे प्रगणकाला वॉचमन फाटकातच अडवणार नाही. आमचे शुल्क पूर्ण झालेल्या मुलाखतींच्या संख्येवर ठरते, आणि तीन फेऱ्यांनंतरही बंद राहिलेल्या घरांचे पैसे आम्ही घेत नाही, मात्र त्यांची संख्या अहवालाच्या पहिल्याच पानावर छापतो.

पहिली बैठक शक्यतो केंद्रातच ठेवावी, आणि किल्ली कोणाच्या घरी असते ते आम्हाला आधी सांगू नये. आमचा माणूस ती स्वतः विचारत विचारत मिळवील आणि किती वेळ लागला ते टिपून ठेवील.