फेल-सेफ नियंत्रण

फेल-सेफ नियंत्रण : वीज गेली, तार तुटली किंवा नियंत्रक बंद पडला, तरी यंत्रणा आपसूक निर्धोक अवस्थेत जावी अशी विद्युत नियंत्रणाची रचना. यंत्र चालू राहायला वीज सतत लागावी, थांबायला ती लागू नये, हे तिचे मूळ सूत्र. पावसाळ्यात तारांवर माड किंवा फांदी पडून लाइट जाणे गोव्यात नवलाचे नाही. त्यामुळे कुळागरातल्या, म्हणजे पोफळीच्या बागेतल्या, पंपापासून वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या औषध कारखान्यांपर्यंत सगळ्यांचाच या रचनेशी संबंध येतो.

सर्वांच्या ओळखीचे उदाहरण म्हणजे मोटरचा स्टार्टर. हिरवे बटण दाबले की कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे विद्युतचुंबकाने ओढल्या जाणाऱ्या स्विचच्या, कॉइलला वीज मिळते. बोट उचलल्यावरही कॉन्टॅक्टरचाच एक जादा संपर्क कॉइलला धरून ठेवतो. याला वायरमन ‘होल्डिंग’ म्हणतात. वीज गेली की कॉइल सुटते, स्प्रिंग संपर्क उघडते, आणि वीज परत आली तरी कोणी बटण दाबेपर्यंत मोटर जागची हलत नाही. लाल बटण मात्र एनसी, म्हणजे एरवी जोडलेल्या संपर्काचे असते. त्याची तार उंदराने कुरतडली तर मोटर थांबते. उत्पादन बुडते एवढेच. तिथे एनओ, म्हणजे एरवी उघडा असलेला, संपर्क बसवला तर तुटलेली तार कोणाच्या लक्षात येत नाही, आणि येते तेव्हा बटण दाबूनही कन्व्हेयरचा पट्टा चालूच असतो.

ही कल्पना विजेच्याही आधीची आहे. इलायशा ओटिसने १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात उद्वाहकाचा (लिफ्टचा) दोर लोकांसमोर कापून घेतला, तरी पाळणा खाली कोसळला नाही. जॉर्ज वेस्टिंगहाउसच्या १८७२ च्या स्वयंचलित ब्रेकमध्ये आगगाडीभर गेलेल्या नळीतला हवेचा दाब गाडीला रोखत नाही, ब्रेक सोडवून ठेवतो. नळी फुटली की गाडी थांबते. आजच्या लिफ्टचा ब्रेकही तसाच : विद्युतचुंबक त्याला उघडा धरतो, वीज जाताच स्प्रिंग तो आवळते.

मात्र निर्धोक म्हणजे बंद, असे सरसकट धरता येत नाही. बॉयलरचा इंधन व्हॉल्व्ह वीज जाताच मिटला पाहिजे. उष्णता सोडणाऱ्या रासायनिक प्रक्रियेच्या थंड पाण्याचा व्हॉल्व्ह मात्र उघडला पाहिजे. आगीच्या वाटेवरच्या दाराचे चुंबकी कुलूप सुटायला हवे. भंगार उचलणाऱ्या क्रेनच्या विद्युतचुंबकाला बॅटरीचा आधार लागतो, नाहीतर वीज गेली की लोखंड डोक्यावर. जपानमधील फुकुशिमा अणुवीज केंद्रात २०११ साली पहिल्या अणुभट्टीला थंड ठेवणाऱ्या एका यंत्रणेचे व्हॉल्व्ह नियंत्रणाची वीज गेल्यावर मिटण्याच्या बाजूला गेले. नळ फुटला असावा असे धरून ती रचना केलेली होती; त्या दिवशी गरज नेमकी उलटी होती.

सर्वांत खात्रीची रचना ती, जिला वीज लागतच नाही. सांगे तालुक्यातील साळावली धरणाच्या बदकचोचीच्या आकाराच्या सांडव्याला दरवाजेच नाहीत. पाणी काठोकाठ आले की ते आपले आपण आत कोसळते. दरवाजे असलेल्या धरणावर मात्र जनरेटर हवा, आणि हाताने फिरवायची सोयही.

जाणाऱ्या विजेइतकाच परतणाऱ्या विजेचाही विचार करावा लागतो. यंत्रांच्या विद्युत सुरक्षिततेच्या आयईसी ६०२०४-१ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार, आपोआप सुरू होण्याने धोका असेल तर यंत्र वीज आल्यावर स्वतःहून चालू होता कामा नये. शेतीपंपाला लावतात तो ऑटो स्विच याच्या थेट विरुद्ध वागतो : वीज आली की पंप आपोआप चालू करतो. मध्यरात्री लाइट आली तरी बागेला पाणी मिळते, हे खरेच. पण लाइट नाही म्हणून कोणी पंपाची जोडणी उघडून बसला असेल तर? मेन स्विच पाडून फ्यूज काढून घ्यावा, ही जुन्या वायरमनची सवय उगाच पडलेली नाही. शिवाय वीज नेहमी स्वच्छ जात-येत नाही. एक फेज जातो, दाब उतरतो, कॉन्टॅक्टर तडतडत राहतो आणि मोटर जळते. म्हणून एक फेज गेला की मोटर बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवतात. कारखान्यात सगळ्या मोटरी एकदम उठल्या तर पुरवठा पुन्हा बसतो, त्यामुळे त्या टप्प्याटप्प्याने सुरू करतात.

घरगुती जनरेटरला चेंजओव्हर स्विच, म्हणजे घर एकतर लाइनला नाहीतर जनरेटरला जोडणारा स्विच, लागतो तो निराळ्या कारणाने. तो नसेल तर घरची वीज उलटी लाइनवर जाते, ट्रान्सफॉर्मरमधून तिचा दाब चढतो, आणि खांबावर काम करणारा लाइनमन तार मेलेली समजून तिला हात घालतो.