हात तेच, लाइन आठ इंच वर

एप्रिल १९१३ पर्यंत अमेरिकेत डेट्रॉइटजवळच्या हायलंड पार्क येथील फोर्डच्या कारखान्यात मॅग्नेटो, म्हणजे इंजिनातील ठिणगीसाठी वीज पुरवणारा भाग, एकच कामगार पहिल्यापासून शेवटपर्यंत जोडत असे आणि एका नगाला त्याचा सुमारे २० मिनिटे वेळ जात असे. तेच काम २९ टप्प्यांत वाटून दिल्यावर नगामागे लागणारे श्रम १३ मिनिटे १० सेकंदांवर आले. पुढच्या वर्षी लाइनची, म्हणजे नग एका कामगाराकडून पुढच्याकडे सरकत जाणाऱ्या जोडणीच्या ओळीची, उंची ८ इंचांनी वाढवण्यात आली. कामगारांचे वाकणे थांबले आणि तोच वेळ ७ मिनिटांवर उतरला. कोणाचेही हात पूर्वीपेक्षा चपळ झाले नव्हते, फक्त पाठीला पडणारे निरुपयोगी श्रम वाचले होते.

उंचीचा प्रश्न डोळ्यांना दिसतो, कामाच्या वाटणीतला दोष मात्र मोजल्याशिवाय हाती लागत नाही. समजा, एका लाइनवर पाच जण बसले आहेत आणि त्यांच्या कामांना अनुक्रमे ५०, ४०, ६२, ४५ आणि ५३ सेकंद लागतात. तयार नग दर ६२ सेकंदांनीच बाहेर पडेल, कारण लाइनचा वेग सर्वांत सावकाश चालणारे स्टेशन, म्हणजे लाइनवरची एका कामगाराची जागा, ठरवते. पाचही जणांचे मिळून काम २५० सेकंदांचे असले तरी प्रत्येक नगामागे ३१० सेकंदांची मजुरी खर्ची पडते. म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा नुसता वाट पाहण्यात जातो. तिसऱ्या स्टेशनवरचे १० सेकंदांचे काम दुसऱ्या क्रमांकाच्या स्टेशनकडे सोपवले, तर नग ५३ सेकंदांना एक पडू लागतो आणि तासाचे उत्पादन ५८ वरून ६७ वर जाते.

पहिल्या किंवा दुसऱ्या कामगाराला घाई करायला लावून मात्र काहीही साधत नाही. तिसऱ्यापुढे अर्धवट मालाचा ढीग तेवढा वाढतो. तरीही सुपरवायझरचा आवाज बहुधा आधी तिथेच चढतो.

कागदावर सोपी वाटणारी ही वाटणी प्रत्यक्षात अवघड असते, कारण झाकण बसवण्याआधी आतली जोडणी पूर्ण व्हावीच लागते आणि असे क्रमाचे निर्बंध पाळून कामे वाटण्याचे पर्याय कामांच्या संख्येबरोबर प्रचंड वाढतात. या कोड्याची गणिती मांडणी १९५५ मध्ये झाली. मोठ्या लाइनसाठी सर्वोत्तम उत्तर शोधताना आजचे संगणकही दमतात, म्हणून पुरेशा चांगल्या उत्तरावर समाधान मानले जाते.

या गणितात एक गोष्ट मात्र धरली जात नाही, ती म्हणजे कंटाळा. दिवसभर तोच स्क्रू पिळण्याला विटून हायलंड पार्कचे कामगार इतक्या संख्येने निघून जात होते, की १९१३ मध्ये नोकरी सोडण्याचे वार्षिक प्रमाण ३७० टक्क्यांवर पोहोचले, म्हणजे दर शंभर जागांमागे वर्षभरात ३७० जण काम सोडून गेले. जानेवारी १९१४ मध्ये फोर्डने कामाचा दिवस ९ तासांवरून ८ तासांवर आणला आणि पात्र कामगारांचे रोजचे उत्पन्न, नफ्याचा वाटा धरून, ५ डॉलरपर्यंत, म्हणजे जवळपास दुप्पट, वाढवले.