पुढच्या वर्षी टोमॅटोचं कोणतं वाण लावावं?

बाजारातला टोमॅटो अनेकदा बेचव का लागतो, या प्रश्नाचं उत्तर घरच्या बागेसाठी वाण निवडताना फार उपयोगी पडतं. व्यापारी वाणं निवडताना पैदासकारांनी पाहिलं ते असं : फळ लांबच्या प्रवासात दबू नये, एका वेळी बरीचशी तोडणी व्हावी, ढिगातलं प्रत्येक फळ सारखं दिसावं. शेतकऱ्यासाठी या गरजा अगदी खऱ्या आहेत. पण घरच्या फळाला झाडापासून स्वयंपाकघरापर्यंतच जायचं असतं, त्यामुळे या अटी आपल्याला सहसा लागू होत नाहीत.

कच्च्या टोमॅटोचा देठाजवळचा भाग निरखून पाहा. अनेक जुन्या वाणांत तिथे गडद हिरवी छटा असते. बाकीचं फळ फिकट असतं, आणि पिकतानाही हा भाग सगळ्यात शेवटी रंग धरतो. सगळं फळ एकसारखं लाल व्हावं म्हणून ही छटा नसलेली झाडं विसाव्या शतकात मुद्दाम निवडली गेली. त्याची किंमत काय होती, हे २०१२ मध्ये कळलं. फळातल्या हरितलवकांची, म्हणजे पेशींतल्या साखर बनवणाऱ्या हिरव्या कणांची, वाढ घडवणारं एक जनुक या झाडांत बिघडलेलं असतं. फळातली बहुतेक साखर पानांकडूनच येते, पण कच्चं हिरवं फळ स्वतःही थोडी तयार करतं. जनुक बिघडलं की तेवढी साखर कमी होते आणि लायकोपीन हे लाल रंगद्रव्यही घटतं. म्हणून माहितीत ‘देठाकडे हिरवट’ असं लिहिलेलं दिसलं, तर तो दोष समजून ते वाण बाजूला ठेवू नका. मी तर असं वाण आधी निवडेन.

चव म्हणजे फक्त आंबटगोडपणाही नव्हे. टोमॅटोचा तो खास ‘टोमॅटोपणा’ नाकाला कळतो, फळातून दरवळणाऱ्या डझनभराहून अधिक सुगंधी संयुगांमुळे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात जवळपास ४०० वाणांचा जनुकीय आराखडा तपासला गेला. चवीशी जोडलेली १३ संयुगं आधुनिक व्यापारी वाणांत जुन्यांपेक्षा बरीच कमी झालेली आढळली. फळ जितकं मोठं, तितकं साखरेचं प्रमाण कमी, हेही त्यात दिसलं. चेरी टोमॅटो बहुधा गोड निघतात ते यामुळेच. जागा एकाच झाडाची असेल, तर माझं मत चेरीला. ‘सन गोल्ड’सारखं नारिंगी चेरी वाण लवकर फळतं आणि क्वचितच निराश करतं. ‘ब्रँडीवाइन’सारख्या जुन्या, मोठ्या, गुलाबी वाणाची चव अप्रतिम असते. मात्र ते उशिरा येतं आणि फळं मोजकीच देतं.

आता झाडाच्या वाढीकडे वळू. टोमॅटोचा मूळ स्वभाव वेलीसारखा. साधारण तीन पानं, मग फुलांचा घोस, पुन्हा तीन पानं, पुन्हा घोस. असं झाड वाढतच राहतं. १९१४ च्या सुमारास अमेरिकेतल्या फ्लोरिडात एक वेगळं झाड सापडलं. त्यात दोन घोसांमधली पानं कमी कमी होत गेली आणि शेवटी शेंडाच घोसात संपला. वाढ तिथेच थांबली. आजची मर्यादित वाढीची, झुडपासारखी वाणं त्याच जनुकीय बदलाची देणगी आहेत. ती आटोपशीर असतात आणि फळं दोन-तीन आठवड्यांत एकदम देतात. टिकवण्यासाठी सॉस करायचा असेल तर ती उत्तम. रोज चार फळं हवी असतील, तर अमर्याद वाढीचं वाण घ्या. त्याला उंच आधार द्यावा लागतो आणि बगलफूट, म्हणजे पानांच्या बेचक्यातून येणारे फुटवे, काढत राहावी लागते. सॉससाठीच्या दोन प्रसिद्ध वाणांतही हा फरक आहे : ‘रोमा’ झुडूप होतं, ‘सॅन मार्झानो’ मात्र वर चढत जातं. कुंडीत लावायचं असेल तर ठेंगणं वाण पाहा, मग बाकी फारसा विचार लागत नाही.

चव आणि वाढ ठरली, तरी खरा निकाल हवेवर लागतो, विशेषतः रात्रीच्या. फुलाच्या देठावर मध्येच एक छोटा फुगीर सांधा असतो. फळधारणा झाली नाही की तो पिवळा पडतो आणि फूल तिथूनच तुटून गळतं. दिवसाचं तापमान ३२ अंश सेल्सिअसच्या वर आणि रात्रीचं २१ च्या वर सतत राहिलं, की परागकण नीट तयार होत नाहीत. सगळ्यात नाजूक काळ असतो फूल उमलण्याच्या सुमारे आठवडा-दीड आठवडा आधीचा. म्हणून आज गळणाऱ्या फुलांचं कारण मागच्या आठवड्यातल्या उकाड्यात असू शकतं. रात्री पारा १३ च्या खाली गेला तरीही फळधारणा अडते. बियांच्या पाकिटावर ‘६० दिवस’ किंवा ‘८५ दिवस’ असं लिहिलेलं असतं. बहुतेक वेळा हे दिवस रोप जमिनीत लावल्यापासून पहिल्या पिकलेल्या फळापर्यंतचे असतात, बी पेरल्यापासूनचे नव्हेत. आपल्याकडे रात्री सुसह्य असतात ते आठवडे आधी शोधा आणि फुलोरा त्यांत बसेल असं वाण घ्या. हा काळ छोटा असेल तर लवकर येणारं किंवा उष्णता सोसणारं वाणच हवं.

वाणाच्या नावापुढची व्ही, एफ, एन ही अक्षरं रोगप्रतिकाराची. व्ही आणि एफ म्हणजे व्हर्टिसिलियम आणि फ्युजेरियम या बुरशींमुळे येणारी मर, तर एन म्हणजे मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमी, म्हणजे मातीतल्या सूक्ष्म अळ्यांसारख्या कृमी. सूत्रकृमींना रोखणारं जनुक दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशातल्या, टोमॅटोच्या एका रानटी नातलगाकडून आलं आहे. १९४० च्या दशकात प्रयोगशाळेत भ्रूण वाढवून तो संकर जगवावा लागला होता. पण माती २८ अंशांहून जास्त तापली की हे संरक्षण ढिलं पडतं. यंदाची झाडं उपटताना मुळं धुऊन पाहा. गाठी दिसल्या तर एन असलेलं वाण घ्या. मुळं स्वच्छ असूनही झाड एका बाजूने पिवळं पडत सुकलं असेल, आणि बुंध्याजवळचं खोड चिरल्यावर आत तपकिरी रेषा दिसल्या, तर मर रोगाचा संशय घ्या आणि व्ही, एफ पाहा.

राहिला प्रश्न संकरित की सरळ वाणाचा. संकरित वाणात अनेक रोगांचा प्रतिकार एकत्र आणणं सोपं जातं, म्हणून रोगट जमिनीत ते घ्यावं. पण त्याच्या फळातलं बी पेरलं तर पुढच्या पिढीत झाडं वेगवेगळी निघतात. सरळ वाण मात्र पुढेही तसंच राहतं, कारण टोमॅटोचं फूल बहुधा स्वतःच्याच परागांवर फळतं. अशा वाणाचं बी ठेवायचं असेल तर निरोगी झाडाचं पूर्ण पिकलेलं फळ घ्या. बियांभोवतीचा बुळबुळीत गर उगवण रोखतो, म्हणून तो बियांसकट दोन-तीन दिवस आंबू द्या, मग बिया धुऊन सावलीत वाळवा. कोरड्या, थंड जागी हे बी चार-पाच वर्षं चांगलं उगवतं, तेव्हा पाकिटावर वाणाचं नाव आणि वर्ष लिहून ठेवा.